ग्रुप म्यूट केला तरी आवाज येतोय? मिक्सरचं रूटिंग मुळापासून लावताना

एकदा रात्री संगणकावर गाणं मिक्स करता करता गायनाचा अख्खा ग्रुप (एकत्र केलेल्या ट्रॅकची सामाईक पट्टी) चुकून म्यूट झाला आणि गायिका तरीही गातच राहिली. आवाज जरा बारीक झाला, एवढंच. मुख्य गायनाचा ट्रॅक ग्रुपलाही जात होता आणि सरळ मास्टरलाही, म्हणजे सगळा आवाज शेवटी जिथून बाहेर पडतो त्या ट्रॅकलाही. म्हणजे कॉम्प्रेसरने (मोठा आवाज दाबणाऱ्या इफेक्टने) दाबलेला आवाज आणि मोकळा आवाज दोन्ही एकदमच कानावर पडत होते. दोन दिवस मी त्या ग्रुपवरच्या कॉम्प्रेसरशी झटापट करत होतो, एकामागून एक प्लगिन (सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे इफेक्ट) बदलून पाहत होतो, ते सगळं पाण्यात गेलं. चूक माझीच होती आणि ती सापडल्यावर दुरुस्त व्हायला एक क्लिक पुरला.

तेव्हापासून पहिला इफेक्ट टाकण्याआधी मी प्रत्येक ट्रॅकबद्दल तीन गोष्टी पाहतो: आवाज कुठून येतो, कुठे जातो आणि मास्टरला किती वाटांनी पोचतो. तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त त्रास वाचवतो. खाली मी ज्या क्रमाने रूटिंग (आवाजाच्या वाटा) लावतो तो क्रम दिला आहे. उदाहरणाला एक साधं गाणं धरू: ड्रम्सचे ८ ट्रॅक, बास १, गिटार ४, कीबोर्ड ३, मुख्य गायन २ आणि कोरस ६. एकूण २४ ट्रॅक, लय ९६ बीपीएम (मिनिटाला ९६ मात्रा).

आधी कागद

हसू नका, पण सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागद घ्या. डावीकडे ट्रॅक लिहा, मध्ये ग्रुप, उजवीकडे एक चौकोन ‘मिक्स’ आणि त्याच्याही पुढे ‘मास्टर’. खालच्या बाजूला रिव्हर्ब (घुमारा) आणि डिले (पडसाद). ट्रॅकचा मूळ आवाज जिथे जातो तिथे सरळ रेघ, सेंड (इफेक्टकडे पाठवलेली आवाजाची प्रत) जिथे जातो तिथे तुटक रेघ आणि साइडचेनला (एका ट्रॅकच्या आवाजाने दुसऱ्यावरचा इफेक्ट चालवणं) वेगळ्या रंगाचं पेन.

आपल्या गाण्यात ड्रम्स, बास, गिटार, कीबोर्ड, गायन आणि कोरस असे सहा ग्रुप होतील. बासचा एकच ट्रॅक असला तरी मी त्याला ग्रुप देतो, कारण पुढे त्यात सिंथ बासची भर पडतेच. कागदावर एका ट्रॅकमधून दोन सरळ रेघा निघताना दिसल्या तर तिथेच थांबायचं.

वाद्य मिक्सरपर्यंत आणणं

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक बनला की त्याची मिक्सरची पट्टी आपोआप तयार होते. एफएल स्टुडिओचा स्वभाव वेगळा आहे. तिथे चॅनल रॅकमधलं (वाद्यांच्या यादीतलं) वाद्य आणि मिक्सरमधला ट्रॅक या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि कुठल्या वाद्याने कुठल्या ट्रॅकवर जायचं हे वाद्याच्या नावाशेजारच्या आकड्यावरून ठरतं. आकडा दिला नसेल तर वाद्य थेट मास्टरला जातं. मिक्सरमधला पहिला रिकामा ट्रॅक निवडा, रॅकमध्ये हवे ते चॅनल निवडा आणि कंट्रोल-एल दाबा. सगळे ओळीने आपापल्या ट्रॅकवर बसतात. मास्टर सोडून शंभराहून जास्त ट्रॅक आहेत आणि प्रत्येकावर इफेक्टसाठी १० जागा, तेव्हा दोन वाद्यं एकाच ट्रॅकवर कोंबण्याचं कारण नाही.

नावं आणि रंग याच वेळी द्या. ‘इन्सर्ट १७’ म्हणजे काय हे उद्या सकाळी आठवणार नाही.

ग्रुप बांधणं, आणि इथेच होणारी मोठी चूक

एफएल स्टुडिओत मिक्सरमधले सगळे ट्रॅक सुरुवातीला मास्टरला जोडलेले असतात. ड्रम्सचे आठ ट्रॅक निवडून ‘ड्रम्स’ ग्रुपच्या तळाशी असलेल्या बाणावर साधं क्लिक केलं तर नवी जोडणी होते, पण मास्टरची जुनी जोडणी तशीच राहते. माझी गायिका याच क्लिकमुळे गात राहिली होती. त्या बाणावर उजवं क्लिक करून फक्त याच ट्रॅककडे रूट करण्याचा पर्याय निवडायचा, म्हणजे मास्टरची वाट आपोआप बंद होते.

रीपरमध्ये सोपी वाट फोल्डरची. ट्रॅक फोल्डरच्या आत ओढले की त्यांचा आवाज फक्त फोल्डरच्या मुख्य ट्रॅकमधून बाहेर पडतो. पण राउट बटण ओढून दुसऱ्या ट्रॅकवर सोडलं तर तो सेंड बनतो आणि मूळ वाट सुरूच राहते. ती बंद करायला त्याच खिडकीत मास्टर सेंडसमोरची खूण काढावी लागते. एबलटन लाइव्हमध्ये ट्रॅक निवडून कंट्रोल-जी (मॅकवर कमांड-जी) दाबलं की ग्रुप तयार, रूटिंगसकट. लॉजिकमध्ये ट्रॅक स्टॅक करताना दोन पर्याय समोर येतात. आवाज एकत्र करून त्यावर इफेक्ट लावायचे असतील तर समिंग स्टॅक घ्या; फोल्डर स्टॅक मुख्यतः आवराआवरीसाठी असतो.

ग्रुप बांधून झाले की लगेच, सेंड करायच्या आधीच, ही चाचणी घ्या. गाणं वाजत ठेवा आणि एकेक ग्रुप म्यूट करत जा. ग्रुप म्यूट झाला की त्यातलं वाद्य पूर्ण गप्प झालं पाहिजे. पुसटसं जरी ऐकू आलं तरी कुठलातरी ट्रॅक दुसऱ्या वाटेने निघतोय. एकच आवाज दोन वाटांनी तंतोतंत सारखा पोचला तर तो ६ डीबीने (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) वाढतो, म्हणून ‘हा ट्रॅक उगाच मोठा का वाटतोय’ असं वाटलं तरी आधी संशय इथेच घ्यायचा.

फेडरच्या आधी आणि फेडरनंतर

आता इन्सर्ट, म्हणजे ट्रॅकवर थेट बसवलेले इफेक्ट. आवाज वरून खाली एकेका प्लगिनमधून जातो आणि सर्वसाधारणपणे त्यानंतर फेडरपाशी, म्हणजे आवाज वरखाली करायच्या सरकपट्टीपाशी येतो. हे माहीत असेल तर बरीच कोडी सुटतात. गायनाच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर आहे आणि फेडर ५ डीबी खाली ओढला, तर कॉम्प्रेसरला त्याचा पत्ताही लागत नाही; तो आधीइतकाच दाबत राहतो. तोच कॉम्प्रेसर ग्रुपवर असेल तर त्याच्यापर्यंत येणारा आवाज ५ डीबीने उतरलेला असतो आणि तो दाबणं कमी करतो. ड्रम ग्रुपवर कॉम्प्रेसर बसवून मग किकचा फेडर हलवला की सगळ्या ड्रम्सचा पोतच बदलल्यासारखा वाटतो, तो यामुळे. म्हणून ट्रॅकचे फेडर बऱ्यापैकी जागेवर आले की मगच ग्रुपवर कॉम्प्रेसर टाकावा.

इन्सर्टच्या क्रमाचा एकच नियम नाही. मी गायनावर आधी ईक्यूने (जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमी-जास्त करणारा इफेक्ट) नको ती घरघर काढतो (साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं), मग कॉम्प्रेसर, मग चव आणणारा ईक्यू, आणि शेवटी डी-एसर (‘स’ ची शिट्टी दाबणारा). खालची घरघर न काढता कॉम्प्रेसर लावला तर ‘प’ आणि ‘भ’ च्या धक्क्यावर तो दचकतो आणि अख्खा शब्द दाबून टाकतो.

लेव्हलबद्दल थोडक्यात. आजची सॉफ्टवेअर आत ३२ किंवा ६४ बिट फ्लोटमध्ये हिशोब करतात, त्यामुळे ग्रुपचा मीटर लाल झाला म्हणून लगेच आवाज फाटत नाही. पण जुन्या यंत्रांची नक्कल करणारे प्लगिन साधारण -१८ डीबीएफएसच्या (डिजिटल कमाल पातळी शून्य धरून मोजलेले डीबी) आसपास सरासरी लेव्हल गृहीत धरून बनवलेले असतात, आणि बाहेर स्पीकरकडे जाताना शून्याच्या वर गेलेलं कापलं जातंच. मास्टरवर पीक -६ च्या आसपास राहू द्या, पुरे.

सेंड आणि रिटर्न

१९४७ मध्ये शिकागोत बिल पटनम या ध्वनिमुद्रकाने स्टुडिओच्या बाथरूमचा इको चेंबर केला. आवाज तिथे स्पीकरवर पाठवायचा आणि घुमलेला आवाज माइकने परत आणायचा. पुढे १९५७ मध्ये ईएमटी १४० हा प्लेट रिव्हर्ब आला, त्याचं वजन जवळजवळ पाव टन. अशा वस्तू एका स्टुडिओत एखाद-दोनच असणार, म्हणून सगळे ट्रॅक आपला थोडा थोडा आवाज तिकडे पाठवायचे आणि घुमलेला आवाज एका वेगळ्या फेडरवर परत यायचा. सॉफ्टवेअरमधले सेंड आणि रिटर्न हे त्याचंच चित्र आहे. आज दर ट्रॅकवर स्वतंत्र रिव्हर्ब टाकता येतो, तरी मी टाकत नाही. २४ ट्रॅकवर २४ वेगळ्या खोल्या झाल्या की वाद्यं एकत्र बसून वाजवताहेत असं वाटतच नाही, आणि प्रोसेसर धापा टाकतो तो वेगळाच.

या गाण्याला तीन रिटर्न पुरतात: छोटी खोली, मोठी प्लेट आणि डिले. बांधताना असं करा.

रिव्हर्ब रिटर्नच्या ट्रॅकवर टाका आणि त्याचं मिक्स १०० टक्के वेट (नुसता घुमलेला आवाज) ठेवा. सुका (इफेक्ट न लागलेला) आवाज आपल्या वाटेने मास्टरला जातोच आहे. रिव्हर्बमधूनही थोडा सुका आवाज बाहेर पडला तर परत दोन वाटा झाल्या. सेंड जेवढा वाढवाल तेवढा सुका आवाजही वाढेल आणि रिव्हर्ब वाढवतोय की गायन, हे कळेनासं होईल. नव्या माणसाच्या प्रोजेक्टमध्ये मला सगळ्यात जास्त वेळा सापडणारी चूक हीच.

रिव्हर्बच्या आधी त्याच रिटर्नवर ईक्यू बसवा. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत अशी की रिव्हर्बकडे जाणाऱ्या आवाजातलं ६०० हर्ट्झच्या खालचं आणि १० किलोहर्ट्झच्या वरचं कापायचं. मला ६०० जरा टोकाचं वाटतं. मी ३०० वरून सुरू करतो आणि गर्दीच्या गाण्यात वर सरकवतो. प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीचा अवकाश) २० ते ४० मिलिसेकंद ठेवला की शब्दाची सुरुवात स्वच्छ ऐकू येते आणि शेपूट मागून येतं.

डिलेची वेळ काढायला ६०,००० ला बीपीएमने भागायचं. ९६ ला एक मात्रा ६२५ मिलिसेकंद, अर्धी ३१२.५, आणि डॉटेड आठवा भाग हवा असेल तर ४६८.७५. डिलेच्या रिटर्नवरून थोडा सेंड प्लेटला दिला तर पडसाद मागे विरघळतात. पण प्लेटकडून परत डिलेला सेंड देऊ नका. आवाज गोल गोल फिरत वाढत जातो आणि हेडफोन कानावर असेल तर दुखापत होते. रीपरमध्ये असं वळण मुळातच बंद ठेवलेलं असतं, लाइव्हमध्ये रिटर्नवरचे सेंड आपण मुद्दाम चालू करावे लागतात. ही बंधनं उगाच घातलेली नाहीत.

सेंड पोस्ट-फेडर (फेडरनंतर) की प्री-फेडर (फेडरच्या आधी)? जवळजवळ नेहमी पोस्ट. फेडर खाली आला की सेंडही त्याच प्रमाणात उतरतो, सुक्या-ओल्याचं नातं टिकतं. प्री-फेडर मी दोनच वेळा वापरतो. एक, गाणाऱ्याच्या हेडफोनचं वेगळं मिक्स करताना, म्हणजे मी माझे फेडर हलवले तरी त्याच्या कानातलं बदलत नाही. दुसरं, शेवटच्या ओळीत गायिका दूर जाताना दाखवायची असेल तेव्हा: फेडर हळूहळू खाली, सेंड तसाच. सुका आवाज विरतो आणि नुसती प्लेट उरते.

ग्रुप खाली आणला, रिव्हर्ब तिथेच

हे बऱ्याच जणांना वर्षभराने कळतं. कोरसच्या सहाही ट्रॅकवरून प्लेटला सेंड दिले आहेत, असं समजा. कोरस जास्त होतोय म्हणून ग्रुपचा फेडर ६ डीबी खाली आणला. सुका कोरस ६ डीबीने उतरला. पण सेंड निघतात ते ट्रॅकवरून, ग्रुपच्या आधी. त्यांना ग्रुपच्या फेडरचं काही सोयरसुतक नाही. प्लेट आहे तेवढीच राहिली आणि कोरस लहान होण्याऐवजी लांब, भिजलेला वाटायला लागला. ग्रुप म्यूट केला तर कोरसचं भूत तेवढं ऐकू येतं.

यावर तीन उपाय आहेत. सेंड ट्रॅकवरून न देता ग्रुपवरून एकच द्यावा. कोरसला मी हेच करतो, कारण सहा आवाजांना वेगवेगळी खोली नकोच असते. दुसरा उपाय व्हीसीए फेडरचा. क्युबेस, लॉजिक, प्रो टूल्स, रीपर यांत ही सोय आहे. व्हीसीएमधून आवाज जातच नाही. तो फक्त त्याच्या ताब्यातल्या ट्रॅकची पातळी वरखाली करतो, त्यामुळे पोस्ट-फेडर सेंडही सोबत उतरतात. तिसरा, त्या ग्रुपसाठी स्वतंत्र रिव्हर्ब घेऊन त्याचा रिटर्न मास्टरकडे न नेता त्याच ग्रुपमध्ये आणून सोडायचा. मुख्य गायनाला मी हा तिसरा उपाय वापरतो, कारण पुढे गायनाचा वेगळा स्टेम (स्वतंत्र फाइल) मागितला तर त्याची प्लेट त्याच्यासोबतच जाते. मात्र इथे सेंड ट्रॅकवरूनच निघायला हवा. ग्रुपवरून सेंड काढून रिटर्न त्याच ग्रुपमध्ये सोडला तर मघाचंच गोल वळण तयार होतं.

समांतर कॉम्प्रेशन

ड्रम्सच्या ट्रॅकवरून एका नव्या ट्रॅकला सेंड द्या, नाव ठेवा ‘क्रश’. त्यावर कॉम्प्रेसर, रेशो (किती जोराने दाबायचं) १०:१, अटॅक (दाबणं किती लवकर सुरू व्हायचं) जलद, आणि दाबणं दाखवणारी सुई १० ते १५ डीबी मागे जाईपर्यंत थ्रेशोल्ड (ज्या पातळीपासून दाबायचं ती) खाली. एकटा ऐकला तर तो भयानक वाटतो, आणि तसाच वाटला पाहिजे. आता त्याचा फेडर तळापासून हळूहळू वर आणा आणि ड्रम्सला अंग आलं की थांबा. क्रश ट्रॅकचा आवाज ड्रम ग्रुपमध्ये सोडा.

ही मुद्दाम केलेली दुसरी वाट आहे, म्हणून दोन्ही वाटांनी आवाज एकाच क्षणी पोचतो का, हे तपासायला हवं. काही प्लगिन, विशेषतः लिनिअर फेज ईक्यू आणि पुढचं बघून दाबणारे लिमिटर, आवाज थोडा उशिरा सोडतात. सॉफ्टवेअर ही तफावत सहसा भरून काढतं, तरी खात्री करावी. ४८ किलोहर्ट्झला नुसते ४८ सॅम्पल मागे पडले तरी १ मिलिसेकंद होतो, आणि मग ५००, १५००, २५०० हर्ट्झ असे पट्टे एकमेकांना खाऊन टाकतात. ड्रम्स डब्यातून आल्यासारखे वाटतात.

चाचणी अशी: क्रशचा कॉम्प्रेसर बायपास करा, सेंड आणि फेडर शून्य डीबीवर (मूळ पातळीवर) ठेवा, क्रशची फेज उलटी करा (म्हणजे ध्वनिलहर वरची खाली होते). दोन्ही वाटा जुळत असतील तर ड्रम्स गायब होतील. बायपास केल्यावरही बहुतेक प्लगिनचा उशीर कायम राहतो, म्हणून ही चाचणी चालते. पातळ शिट्टीसारखं काही उरलं तर उशीर कुठेतरी राहिलाय. लाइव्हमध्ये ऑप्शन्स मेन्यूतलं डिले कॉम्पेन्सेशन चालू आहे ना, ते आधी बघा.

साइडचेन: ऐकू न येणारी वाट

किक वाजली की बासने क्षणभर बाजूला व्हावं, यासाठी किकचा आवाज बासवरच्या कॉम्प्रेसरला नुसता दाखवायचा असतो. तो त्या वाटेने मास्टरपर्यंत जाता कामा नये. एफएल स्टुडिओत किकचा ट्रॅक निवडून बासच्या बाणावर उजवं क्लिक करा आणि साइडचेनचा पर्याय घ्या. जोडणी होते पण आवाजाची पातळी शून्य राहते. मग बासवरच्या फ्रूटी लिमिटरमध्ये कॉम्प्रेसरच्या पानावर साइडचेनचा क्रमांक निवडा. रीपरमध्ये किकचा सेंड बासच्या ३/४ चॅनलवर पाठवा आणि रीकॉम्पमध्ये (रीपरच्या कॉम्प्रेसरमध्ये) डिटेक्टरला ऑक्झिलरी इनपुट द्या. १/२ वर पाठवलात तर बासच्या ट्रॅकमधून किक वाजायला लागेल. लाइव्हमध्ये कॉम्प्रेसरचा छोटा त्रिकोण उघडला की स्रोत निवडता येतो, आणि आवाज कुठल्या टप्प्यावरून उचलायचा तेही. तिथे प्री-एफएक्स (इफेक्टच्या आधी) किंवा पोस्ट-एफएक्स (इफेक्टनंतर) घ्या. पोस्ट-मिक्सर (फेडरनंतर) घेतलं तर किकचा फेडर हलवला की बासचं दबणंही बदलेल.

३ ते ४ डीबी दाबलं जाईल इतकाच थ्रेशोल्ड, रेशो ४:१, रिलीज (दाबणं सुटायला लागणारा वेळ) १२० मिलिसेकंदांपासून सुरू करून पुढची मात्रा यायच्या आत बास पूर्ण परतलाय ना, हे कानाने बघा. हीच युक्ती प्लेटच्या रिटर्नवरही चालते: रिव्हर्बनंतर कॉम्प्रेसर, त्याला साइडचेन मुख्य गायनाची. गायिका गात असताना प्लेट मागे सरते, ओळ संपली की फुलते.

शेवटचा टप्पा: मिक्स वेगळा, मास्टर वेगळा

सगळे ग्रुप आणि रिटर्न थेट मास्टरला न नेता आधी ‘मिक्स’ नावाच्या ट्रॅकवर आणा. एकूण गाण्यावरचा कॉम्प्रेसर आणि लिमिटर याच्यावर टाका, मास्टर रिकामा ठेवा. तुलनेसाठी दुसऱ्या कुणाचं गाणं प्रोजेक्टमध्ये आणलंत तर ते मात्र थेट मास्टरला जोडा, नाहीतर तयार गाणं तुमच्या लिमिटरमधून पुन्हा एकदा पिळलं जाईल आणि तुलनेला अर्थ राहणार नाही. रिटर्न सोलो-सेफ करून ठेवा, म्हणजे गायन सोलो केलं (एकटंच ऐकलं) तरी त्याची प्लेट गप्प होत नाही. एवढं झालं की प्रोजेक्ट टेम्प्लेट म्हणून जतन करा.

गाणं पूर्ण झाल्यावर मी एक शेवटची परीक्षा घेतो. मिक्स ट्रॅकवरचे सगळे इफेक्ट बंद करून पूर्ण गाणं एकदा बाउन्स करतो (फाइल म्हणून काढतो), मग सगळे ग्रुप आणि सामाईक रिटर्न स्वतंत्र स्टेम म्हणून काढतो. साइडचेन तुटू नये म्हणून एकेक सोलो न करता सॉफ्टवेअरच्या स्टेम एक्सपोर्टने एकदम काढायचे. रिकाम्या प्रोजेक्टमध्ये सगळे स्टेम शून्य डीबीवर लावायचे, पूर्ण गाणं शेजारच्या ट्रॅकवर फेज उलटी करून टाकायचं आणि प्ले दाबायचं. शांतता मिळाली तर झालं. थोडी खुसखुस उरली तर ती बहुधा रिव्हर्बच्या मॉड्युलेशनची, कारण ते दर वेळी थोडं वेगळं हलतं. ती सोडून द्यायची. पण त्या खुसखुशीत गाण्याचे शब्द ओळखू येत असतील, तर गायिका अजून कुठल्यातरी आडवाटेने मास्टरला पोचतेय.